तळीची माणसं

घटी बसलेले देव मध्येच उठवता येत नाहीत. मार्गशीर्ष लागला की धनगरांच्या घरी खंडोबाचे देव बसतात, त्यांच्यापुढे अखंड दिवा तेवतो, आणि चंपाषष्ठीला तळी उचलली की मगच ते उठतात. तळी म्हणजे एक ताम्हण. त्यात पानसुपारी, खोबरं आणि भंडारा ठेवायचा, पाच जणांनी काठाला हात लावून ते उचलायचं आणि येळकोट म्हणायचा. चौघांनी उचललेली तळी होत नाही. बायकांनी सगळं मांडून द्यायचं असतं, पण ताम्हणाला हात पुरुषांचेच लागतात, अशी त्यांची रीत.

दगडाबाईचे देव शहरात, उस्मानपुऱ्याच्या मागच्या एका गल्लीत, भाड्याच्या खोलीत, भिंतीतल्या फळीवर बसले होते. देव म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले लहान टाक. खंडोबा होता, म्हाळसा आणि बाणाई होत्या, बिरोबा होता, आणि कडेला एक जरा नवा टाक होता. त्यावर काठी टेकून उभा राहिलेला माणूस होता. तो मुंजाबा, दगडाबाईचा नवरा. त्यांच्या घराण्यात कर्ता माणूस गेला की वर्षानंतर त्याचा टाक करून देवांत बसवत. टाक करणाऱ्या सोनाराने मुंजाबाला कधी पाहिलं नव्हतं. सगळ्यांना काढतो तसेच नाकडोळे त्याने काढले होते. तरी दगडाबाईला तो ओळखू यायचा, कारण काठी डाव्या हातात होती. मुंजाबा डावखुरा होता, आणि हे सोनाराला कुणी सांगितलेलं नव्हतं.

एरवी रोज सकाळी देव धुताना ती हा टाक सगळ्यात शेवटी हातात घ्यायची. चिंचेने घासायची, लुगड्याच्या सोग्याने पुसायची आणि काय असेल ते सांगायची. मल्हारीची पाळी बदलली. सुनेला दिवस गेलेत. सरू शाळेत पडली, गुडघा फुटला. मुंजाबा जिवंत असतानाही फारसं उत्तर द्यायचा नाही, त्यामुळे तिला त्यात वेगळं काही वाटत नसे.

हे देव आज जाणार होते.

झालं होतं असं. मेंढरं विकून मुलाबरोबर शहरात आल्यापासून दगडाबाईच्या घरी तळी उचलली गेली नव्हती. मल्हारी वाळूजला कंपनीत जायचा, त्याची पाळी सणवार पाहत नव्हती. आणि माणसं कुठून आणायची? रानात वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळ्यांचा तळ, बसलेला असायचा तेव्हा हा प्रश्नच नव्हता. मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ, वाघरीजवळ, घोंगडं अंथरून ताम्हण मांडलं की बिऱ्हाडाबिऱ्हाडातून माणसं आपोआप उठून यायची. काठाला बोट ठेवायला जागा उरायची नाही. तळीला माणसं बोलवावी लागतात हे तिला शहरात येऊन कळलं, आणि कुणाला बोलवायचं ते कळलं नाही. मग ती नुसता नैवेद्य दाखवायची, हात जोडायची आणि देवांना स्वतःच उठवून ठेवायची. चोरी केल्यासारखं वाटायचं.

उन्हाळ्यात गावाकडे पिशोरला एका लग्नात तिचा दीर पुंजाराम चारचौघांत बोलला होता. "वैनी, देव नुसते फळीवर ठेवायचे असत्यात व्हय? सालोसाल तळी नाय. आमच्याकडं आणा त्यांला." भावकीच्या माणसांनी माना हलवल्या होत्या. दगडाबाईने पदर पुढे ओढला. बोलणार काय, खोटं थोडंच होतं ते. मग दिवाळीनंतर गावाकडच्या एका माणसाबरोबर निरोप आला की चंपाषष्ठीला तळी उचलून देव न्यायला येतो.

त्या दिवशी तिने पहाटेच उठून बाजरीचे रोडगे केले, वांग्याचं भरीत केलं. मल्हारी उजाडायच्या आत कंपनीच्या बसला गेला. जाताना म्हणाला, "आई, तळीला थांबा माझ्यासाठी. चारपर्यंत येतो." सून बाळंतपणाला माहेरी गेली होती. घरात दगडाबाई आणि नात सरू, दोघीच. सरूने भरताच्या पातेल्यावरचं झाकण दोनदा उचलून पाहिलं.

"आजी, देवाला भूक नाय लागत का?"

"लागती की."

"मग तो लवकर का नाय उठत?"

"उठवणारे याया पायजेत ना."

पुंजाराम आला तो दहाच्या सुमाराला. धोतर, पांढरी टोपी, खांद्याला पिशवी. पिशवीतून लाल कापडाचं टोक बाहेर आलं होतं. देव बांधून न्यायचं ते कापड हे दगडाबाईने ओळखलं. तिने पदर सावरला आणि त्याच्या मागे पाहिलं. मागे नुसती गल्ली होती.

"बाकीचे कुठं राह्यले?"

"बाकीचे कोण?"

"भावकी. काकासाहेब, नानासाहेब, ती समदी. एकलेच आलाव काय भावजी?"

"म्या कशाला आणू त्यांला?" पुंजाराम उंबऱ्यातच थांबला. "देव बसल्यात तुमच्या घरी. तळी तुमच्या घरची. माणसं तुमी जमवायची का म्या? येवढं मोठं शहर, माणसाला काय तोटा हाय इथं."

"माणसं लई हायेत. आपली कुठं हायेत?"

"म्हणजी तुमी कुणालाच सांगितलं नाय?"

"मला वाटलं भावकी येणार. देव काय एकट्या माणसानं न्यायचे असत्यात व्हय?"

पुंजाराम आत येऊन पोत्यावर बसला. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. दोघांचंही चुकलेलं नव्हतं. देव ज्याच्या घरी त्याने तळी भरायची हेही खरं, आणि देव हलवायचे तर भावकीने यायचं हेही खरं. पण आयुष्यात दोघांनाही या कामाला माणूस बोलवावा लागला नव्हता, म्हणून दोघांनी ते दुसऱ्यावर सोडलं होतं.

"आता आली का पंचाईत," पुंजाराम म्हणाला.

दगडाबाई चहा ठेवायला स्टोव्हकडे वळली. वळली ते बरं झालं, कारण तिचा चेहरा त्याला दिसायला नको होता. तिच्या मनात एक गोष्ट हळूच उभी राहिली होती. पाच माणसं नाहीत, म्हणजे तळी नाही. तळी नाही, म्हणजे देव उठणार नाहीत. आणि न उठलेले देव पुंजाराम कापडात बांधणार नाही, तेवढा तो देवाला भिणारा होता. मुंजाबा फळीवरच राहील.

"मल्हारी एक, म्या एक," पुंजाराम बोटं मोजत म्हणाला. "शेजारपाजारी कुणी?"

"परकी माणसं चालत्यात व्हय तळीला?"

"ते बी खरंच."

चालतात हे दगडाबाईला पक्कं ठाऊक होतं. एकदा घाटाखाली वाडा बसला असताना पावसाने बाकीची बिऱ्हाडं पुढे गेली आणि माणूस कमी पडला. तेव्हा मुंजाबाने वाटेने जाणाऱ्या गाडीवानाला थांबवलं होतं आणि त्याचा हात ताम्हणाला लावला होता. पुंजाराम त्या वर्षी आजारी म्हणून गावात होता. त्याला हे माहीत नव्हतं. दगडाबाईने सांगितलं नाही. चहात साखर जास्त घातली.

चहा पिऊन दोघं बसून राहिले. सरू पुंजारामच्या समोर मांडी घालून बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली. त्याने एकदा भुवया उडवल्या. तिने पण उडवल्या.

"आबा, तुमी आमचे देव चोरून नेणार हाय का?"

"चोरून कशाला? तुझ्या आजीसमोर नेतो की."

"मग आजी रडती कशाला?"

"धूर लागतोय गं," दगडाबाई म्हणाली. स्टोव्हला धूर नव्हता.

तेवढ्यात गल्लीत भांड्यांचा एकच आवाज उठला. शेजारची वच्छलाबाई दारावर हात मारून गेली. "दगडाबाई, पाणी आलं. देवाला सांग जरा बस म्हणून, आन् चल."

गल्लीला एकच नळ होता. पाणी उद्या यायचं होतं, पण ते आज आलं. ते कधी यायचं आणि कधी जायचं याचा कुणालाच भरवसा नसायचा. आलं की तासभर, कधी त्याहून कमी, आणि मग पुढचे तीन-चार दिवस त्याच्यावर काढायचे. म्हणून पाणी आलं की गल्लीतलं सगळं थांबायचं, शिजणारं अन्न, चाललेलं भांडण, झोपलेलं मूल, सगळंच.

दगडाबाई पदर खोचून निघाली. पुंजाराम दारात येऊन पाहू लागला.

नळापाशी घागरी, डबे, बादल्या, एक पिंपसुद्धा येऊन पडलं होतं आणि माणसं त्यांच्यापेक्षा जोरात आदळत होती. दगडाबाई गेली तशी थोडी वाट झाली. तिला कुणी नेमलेलं नव्हतं. शहरात आली त्या पहिल्या वर्षी इथे डोकी फुटायची वेळ आली होती, तेव्हा ती मध्ये उभी राहिली होती, आणि तेव्हापासून तिथंच उभी होती.

"वच्छला, तुझी घागर पुढं घे."

"मावशी, मी आधी आलोय," रिक्षावाला कडूबा म्हणाला. त्याने खाकी शर्ट घातला होता आणि हातात दोन डबे होते. "स्टेशनचं भाडं हाय मला. सवारी खोळंबलीय."

"सवारी दोन पायांवर हुभी हाय ना? रामकिसनभाऊला हुभं राहता येतं का? त्यांचं अंथरूण धुवायचंय. तिच्या दोन घागरी होऊ दे. मग ती लेकुरवाळी. मग तू."

"दर बारीला हेच. आमी काय मेंढरं हाव का रांगेनं सोडायला?"

"मेंढरं बरी. ऐकत्यात तरी."

लोक हसले. कडूबाही हसला, पण डबे पुढे सारायचे सोडले नाहीत. दगडाबाईने नळाला जोडलेल्या पाइपाचं तोंड हाताने उचललं आणि आडवं धरलं. डब्यांपुढे पाणी भिंतीसारखं पडलं. कडूबाने डबे मागे घेतले.

वच्छलाबाईची घागर भरली. ती उचलताना तिची कंबर धरली. नवरा रामकिसन दोन वर्षांपासून लकव्याने अंथरुणाला होता. त्याचं सगळं उचलून उचलून ती अर्धी झाली होती. दगडाबाईने इकडेतिकडे पाहिलं, आणि कुणाला काही म्हणायच्या आत पुंजाराम पुढे झाला. त्याने घागर खांद्यावर घेतली.

"कुठं न्यायची?"

"त्या हिरव्या दारात," वच्छलाबाई म्हणाली. "पावणे दिसता. पावण्याला कामाला लावलं म्हणून बोल लागंल आम्हाला."

"लागू द्या," पुंजाराम म्हणाला.

त्यानंतर तो थांबलाच नाही. वच्छलाबाईच्या घागरी, मग त्या लेकुरवाळीच्या, मग पंक्चरच्या दुकानवाल्या सांडूचं पिंप त्याने सांडूबरोबर ढकलत नेलं. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. रामकिसनच्या खोलीत शिरला तर तिथे आत बसून दोन मिनिटं बोलून पण आला. पाणी बारीक झालं, मग थेंबथेंब झालं, मग नळाने नुसता श्वास सोडला. गल्ली ओलीचिंब होती. कुणाचं कमी भरलं त्याची कुरकुर चालू होती. दगडाबाईची स्वतःची एक घागर अर्धी राहिली. तिने ती काखेत घेतली.

पुंजाराम तिच्या पायरीवर बसून धोतर पिळत होता. तो हसत होता.

"काय झालं?" तिने विचारलं.

"दादा असंच करायचा."

"काय?"

"पाण्यावर. मेंढरं तहानली की एकदम पळत्यात ना पाण्याकडं. दादा पुढं जाऊन काठी आडवी धरायचा. लंगडी, म्हातारी, गाभण, ती आधी सोडायचा. धडधाकट मागं हुभी. म्या म्हणायचो, अरे सोड ना समदी, पाणी काय पळून चाललंय. तर तसाच हुभा. तुमी आता पाइप धरला ना वैनी, मला वाटलं..." तो थांबला. "डाव्या हातानं धरला तुमी."

दगडाबाईने आपल्या हाताकडे पाहिलं. काखेत उजव्या बाजूला घागर होती, म्हणून डावा हात मोकळा होता. पाइप धरला तेव्हा काखेत घागर नव्हती, हे तिला नंतर आठवलं. वाड्यावर असताना ती मेंढरांच्या मागे असायची, लेकरं आणि कोकरं सांभाळत. पाण्याशी काय चालतं ते तिने लांबून पाहिलं असेल, रोज पाहिलं असेल. पण आपण नळावर करतो ते काय आहे, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. तिला वाटायचं, आपला स्वभाव भांडकुदळ आहे.

ती त्याच्याशेजारी, जरा अंतर ठेवून, पायरीवर टेकली. ऊन चांगलं होतं.

"लई दिवसांनी येवढं काम केलं," पुंजाराम म्हणाला.

"का? शेत हाय ना?"

"शेत बटईनं दिलं. मेंढरं गेली. पोरं पुण्याला. आक्काबाई होती तंवर..." आक्काबाई म्हणजे त्याची बायको. ती मागच्या वर्षी गेली होती. "वैनी, खरं सांगू का? सकाळी जाग येती. पण उठायचं कशाला तेच समजत नाय. आडवा पडून राहतो. कोंबडं आरवतं, शेजारच्यांच्या म्हशी जात्यात, सूर्य आढ्याला येतो, म्या आपला पडल्याला. कुणी हाक मारणारं नाय. भाकर खाल्ली काय, नाय खाल्ली काय."

दगडाबाईने काखेतली घागर पायरीवर ठेवली.

"लग्नात म्या ते तळीचं बोललो ना. तळीचं नव्हतं ते. म्हणलं, देव घरी असले तर दिवा लावायला तरी उठावं लागंल. अंघोळ करावी लागंल. आन् दादा बी असंल घरात." त्याने धोतराची घडी पुन्हा पिळली, त्यातून आता पाणी येत नव्हतं. "चारचौघांत तसं म्हणता येत नाय. म्हणून तुमच्यावर ढकललं."

गल्लीच्या टोकाला कडूबाची रिक्षा सुरू झाली आणि गेली. सरू आतून म्हणाली की दिव्यातलं तेल कमी झालंय. दगडाबाई उठून आत गेली. तिने तेल घातलं आणि मुंजाबाच्या टाकाकडे पाहिलं. भंडाऱ्याने तो पिवळा झाला होता, चेहरा झाकला होता, काठी तेवढी दिसत होती. तिला त्याला काहीतरी विचारायचं होतं, पण घटी बसलेल्या देवाला हात लावता येत नाही. न धरता त्याच्याशी बोलायची तिला सवय नव्हती. ती नुसती उभी राहिली. तिला त्याची फार आठवण आली. अशी आली की हातात तेलाची बुधली आहे हे ती विसरली.

मल्हारी चार वाजून गेल्यावर आला. बाहीवर ग्रीसचा डाग, डोळे तांबारलेले. चुलत्याच्या पाया पडला आणि विचारलं, "झालं नाय का अजून? मला वाटलं माणसं आली असतील, येळकोट चालला असंल."

"माणसं नायत," पुंजाराम म्हणाला. त्याने पिशवी उचलली. लाल कापड आत दाबून बसवलं. "राहू दे मल्हारी. देवाच्या मनात नसंल. दोघांनी काय तळी होती का? देव हितंच राहू द्या. नैवेद्य दाखवा, पोरीला जेवू घाला, भुकेली हाय ती सकाळची. मला शेवटची पिशोरची गाडी गाठायचीय."

"जेवून जा की काका."

"तळी झाल्याबिगर नाय जेवायचं मला. घरी जाऊन बघतो काहीतरी."

तो असं म्हणाला आणि चपला शोधू लागला. दगडाबाई दाराशी उभी होती. आता तिने काहीच करायचं नव्हतं. फक्त थोडं बाजूला व्हायचं, त्याला जाऊ द्यायचं. उद्या सकाळी ती देव धुवेल, टाक हातात घेईल, सुनेचं काय झालं, नळावर काय झालं, पुंजाराम येऊन गेला ते सांगेल. तिला तेच हवं होतं. वर्षानुवर्षं तेच हवं राहील.

पण तिच्या डोळ्यांपुढे पुंजारामचं दार येत होतं. अंधारात कुलूप उघडणारा, आत जाऊन दिवाही न लावता आडवा होणारा. "घरी जाऊन बघतो काहीतरी," म्हणाला. काय बघणार होता? इथे तिला पहाटे उठावंच लागतं. मल्हारीचा डबा असतो, सरूची वेणी असते, पाण्याचा नेम नसतो, वच्छलाला हाताशी कुणी नसतं. कधी वैतागून ती म्हणायची की मेल्यावरच झोपीन. कुणी उठवत नाही म्हणून अंथरुणात पडून राहावं लागतं, हे दुखणं तिला आजवर ठाऊकच नव्हतं.

"भावजी, थांबा," ती म्हणाली. "चपला काढा."

"गाडी जाईल वैनी."

"कडूबा सोडंल रिक्षानं. तळीला गाडीवान चालला होता, तर रिक्षावाला का नाय चालणार?"

"कोणता गाडीवान?"

"सांगते. आधी माणसं आणते."

ती गल्लीत गेली. सांडू टायर पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. "हात धू आन् चल," ती म्हणाली. कडूबा नुकताच परत येऊन सीटवर आडवा झाला होता.

"उठ रे."

"आता काय मावशी? पाणी तर गेलं."

"तळी उचलायचीय. हात लावायचा आन् येळकोट म्हणायचा. येतं ना?"

"येतं की. आमच्या आजोळी व्हायची." तो उठून बसला. "सकाळी पाइपानं भिजवलं मला, आन् आता देवाला बोलावता?"

"भिजला म्हणून तर बोलावते. सोवळ्यात हायस."

मग ती हिरव्या दारात गेली. वच्छलाबाई भाजी निवडत होती.

"रामकिसनभाऊला न्यायचंय पाच मिनिटं."

"ह्यांला?" वच्छलाबाईने भाजी खाली ठेवली. "एक हात चालतो फक्त."

"एकच लागतो."

मल्हारी आणि कडूबाने रामकिसनला खुर्चीसकट उचलून आणलं. दोन वर्षांत तो पहिल्यांदा गल्लीत आला होता. आजूबाजूला बघत होता, रंग दिलेली घरं, नवीन बोर्ड, सगळ्याकडे मान वळवून. वच्छलाबाई मागून त्याची टोपी घेऊन धावत आली.

दगडाबाईने घोंगडं अंथरलं, ताम्हणात पानसुपारी, खोबरं आणि भंडारा मांडला. तेवढ्यात तिने गाडीवानाची गोष्ट सांगितली. सकाळी का सांगितली नाही, हे पुंजारामने विचारलं नाही. त्याने फक्त एकदा तिच्याकडे पाहिलं. पाचही जण ताम्हणाभोवती आले. पुंजाराम, मल्हारी, काळ्या बोटांचा सांडू, खाकी शर्टातला कडूबा, आणि खुर्चीतून वाकलेला रामकिसन. त्याची बोटं पुंजारामने धरून काठावर ठेवली आणि वरून आपली ठेवली.

"सदानंदाचा," पुंजारामने सुरुवात केली.

"येळकोट," बाकीचे म्हणाले. रामकिसनचा शब्द अर्धा आला, जरा उशिरा आला, पण आला.

दगडाबाई भिंतीला टेकून उभी होती. पुंजारामचा आवाज म्हातारा झाला होता आणि म्हातारा होता होता मुंजाबासारखा झाला होता. ताम्हण तीनदा वर गेलं, तीनदा घोंगड्यावर टेकलं. तिने डोळे मिटले असते तर ती वाड्यावर असती, वाघरीपलीकडे मेंढरं खाकरत असती. तिने डोळे मिटले नाहीत. सांडूच्या हाताचा काळा ठसा ताम्हणाच्या काठावर उमटला होता, आणि तो तिला पाहायचा होता.

मग सगळे जेवले. एवढी माणसं येतील असं धरूनच तिने सकाळी रोडगे केले होते. कडूबाने भरीत दोनदा मागितलं. सरूने त्याच्यापेक्षा एक घास जास्त खाल्ला आणि तसं त्याला सांगितलं.

उठलेले देव तिने फळीवरून एकेक करून उतरवले. पुंजारामने लाल कापड पसरलं आणि हात मागे घेतले.

"वैनी, तळी झाली. आता माझं काय बोलणं राह्यलं? ठेवा तुमी."

"न्या. दिवा लावा वेळेवर. चिंचेनं धुवा, राखेनं नको, चरे पडत्यात."

शेवटचा टाक तिच्या हातात राहिला. तिने त्याच्यावरचा भंडारा अंगठ्याने पुसला. काय सांगावं ते तिला सुचेना. सकाळपासून खूप झालं होतं आणि सगळ्याला तो हजर होता. तिने टाक बाकीच्या देवांशेजारी ठेवला. एकट्याला ठेवून घ्यायचं तिच्या मनात येऊन गेलं होतं. पण मुंजाबा आयुष्यभर कधी कळप सोडून राहिला नव्हता.

पुंजारामने गाठ मारली, पिशवी छातीशी धरली आणि रिक्षात बसला. "सरे, सुट्टीत ये गं," तो म्हणाला. "दिवा कसा लावायचा ते तुला नीट येतं. मला शिकीव."

रिक्षा गेली. मल्हारी लगेच झोपला. वच्छलाबाईच्या दारात रामकिसन अजून खुर्चीत बसला होता. त्याने आत जायला नकार दिला होता.

दिवेलागणीला दगडाबाईने सवयीने समई उचलली आणि फळीपाशी गेली. फळीवर भंडाऱ्याचे पिवळे गोल होते. एकेका टाकाच्या जागी एकेक, कडेचा जरा लहान. ती तिथेच थांबली.

"आजी, आता कुणापुढं ठेवायचा?" सरूने विचारलं.

दगडाबाईने समई खाली ठेवली, वात पुढे ओढली. पुंजारामची गाडी आता शहर सोडून कन्नडच्या रस्त्याला लागली असेल. मांडीवर पिशवी असेल. रात्री तो कुलूप काढील. आत अंधार असेल, आणि आडवं पडायच्या आधी त्याला काडीपेटी शोधावी लागेल.

"आक्काबाईची काडीपेटी चुलीवरच्या कोनाड्यात असायची," ती म्हणाली. "मी सांगाया पायजे होतं त्यांला."

"सापडंल त्यांला," सरू म्हणाली.

"सापडंल ना?"

"व्हय."

दगडाबाईने समई फळीवर ठेवली आणि लावली.